सोनथडीचं दार

राजाचं नाव वजाजीराव होतं की विठोजीराव, हे आता मला खात्रीनं सांगता येणार नाही. लहानपणी ऐकलेली गोष्ट, आणि माझ्या स्मरणशक्तीवर माझाच फारसा विश्वास नाही. आपण वजाजीरावच म्हणू. पण दार चौकटीपेक्षा मोठं निघालं, एवढं नक्की!

हिंगणदुर्गचा हा राजा नवा महाल बांधत होता. भिंती उभ्या राहिल्या, छत चढलं, आणि त्याच सुमाराला मेव्हण्यानं त्याच्या कानात सांगितलं, "गवंडी सामानात खातात!"

झालं! राजानं दवंडी पिटवली. दार, फरशी, झुंबर, जे काही महालात लागेल ते सरकार स्वतः निवडून आणणार. दुसऱ्या कोणी एक खिळाही आणायचा नाही.

राजा हत्तीवर बसून खरेदीला निघाला. फरशी आणली ती इतकी गुळगुळीत, की दिवाण बापूजीपंत मुजरा करता करता थेट सिंहासनाखाली गेले. झुंबर आणलं ते छताला टांगल्यावरही जमिनीवर बसलं. दिवाण म्हणाले, "वा! वात लावायला शिडी नको!"

मग शेजारच्या सोनथडी राज्यातून सागवानी दार आलं. नक्षी पाहत राहावी अशी. पण चौकटीत बसेना. सगळीकडून मोठं!

राजा गवंड्यावर, खेमाजीवर, कडाडला, "चोरा! भिंतीतला दगड खाल्लास आणि भोक लहान ठेवलंस!"

"सरकार, सात हात उंच सांगितलं होतं. सात हातच आहे."

"मीही सात हातांचंच दार सांगितलं होतं! ऐक. दाराला रंधा लावायचा नाही. भिंतीला छिन्नी लावायची नाही. परवा वास्तुशांत. मी याच दारातून आत जाणार! नाही जमलं, तर गडावरच्या अंधारकोठडीत तुला दार लागणारच नाही!"

खेमाजीनं घरी येऊन सगळं सांगितलं. त्याची मुलगी मैना चुन्याच्या घाण्यावर चुना मळायची. अंगावरचा चुना झटकत ती म्हणाली, "आबा, सात हात आणि सात हात, मग फरक कसला?"

"हळू बोल, पोरी! आपल्याकडे हात म्हणजे सरकारांचा हात. राज्याभिषेकाला कोपरापासून बोटापर्यंत मोजतात, तेच माप. सोनथडीत त्यांच्या राजाचा हात. तो गडी ताडमाड, अभिषेक झाला तेव्हा मिशा होत्या त्याला! आणि आपले सरकार गादीवर आले तेव्हा…"

"दात पडत होते!"

"तोंड आवर! सरकारांचा हात तोकडा, असं जो म्हणेल त्याची जीभ जाईल."

"मग म्हणायचंच कशाला? दार उभं करू आपण."

"कुठं?"

"जिथं मावेल तिथं!"

वास्तुशांतीच्या दिवशी सनई वाजली. आईसाहेबांना पुढे घालून, सगळा दरबार घेऊन राजा आला. महालासमोरच्या मोकळ्या अंगणात दार उभं होतं. दाराच्या मापाची चौकट जमिनीत पक्की रोवलेली, वर आंब्याच्या पानांचं तोरण, उंबऱ्याला हळदकुंकू. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही.

राजानं रुबाबात उजवं पाऊल उंबऱ्यापलीकडे टाकलं. वर पाहिलं तर आभाळ! मागून दिवाण दाराला वळसा घालून आले.

"पंत! दारातून या!" राजा ओरडला. पंत परत वळसा घालून गेले आणि दारातून आले.

"खेमाजी! हा काय चावटपणा? घर कुठाय?"

मैना पुढे झाली. "सरकारांनी आणलं नाही!"

"काय?"

"हुकूम आहे ना, सामान सगळं सरकार आणणार? दार आलं, फरशी आली, झुंबर आलं. या दारामागं शोभेल असा महाल काही अजून आला नाही. आला की आबा बसवतील. रंधा नाही, छिन्नी नाही!"

"आणि तो मागे उभा आहे तो?"

"तो सरकारांच्या हातानं मोजलेला. दार सोनथडीच्या राजांच्या हातानं मोजलेलं. दोन राजांत थोरला कोण, धाकटा कोण, ते आम्ही चुना मळणाऱ्यांनी कसं ठरवावं?"

राजानं स्वतःचा हात लांब करून पाहिला. पुन्हा पाहिला. "पंत, माझा हात मोजला तेव्हा मी केवढा होतो?"

पंत तोरणातली पानं मोजू लागले. उत्तर आईसाहेबांनी दिलं. "नऊ वर्षांचा! आणि पुरोहितानं हात धरला तर आखडून घेऊन रडत होतास. मोजला तोही अर्धाच!"

राजा आधी लाल झाला. मग ते दार, ते तोरण आणि वर मोकळं आभाळ पाहून असा हसला, की सनईवाले थांबले.

"माग पोरी, काय हवं ते!"

"यापुढं सामान आबा आणतील."

"मग मी काय करू?"

"सरकारांनी शिकारीला जावं. रानात दारं नसतात!"

राजा पुन्हा हसला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं तिच्या हातात घातलं. "आजपासून या राज्याचा हात म्हणजे हिचा हात! आणि हे दार इथंच राहू द्या."

खेमाजीनं डोळे पुसले. गर्दीतले कापडवाले मात्र पांढरेफटक पडले. नऊ वर्षांच्या पोराच्या हातानं लुगडी मोजून द्यायची सोय संपली होती.

ही गोष्ट ऐकल्यावर बऱ्याच वर्षांनी, नोकरीतून मोकळा झाल्यावर, मी मुद्दाम हिंगणदुर्गला जाऊन आलो. महाल राहिला नाही. दार आहे. आजूबाजूला भिंत नाही, कुंपण नाही, शेरडं दोन्ही बाजूंनी खुशाल ये-जा करतात. पण दाराला आतून कडी घातलेली होती.