जायफळाची कॉफी

"नाही म्हणजे नाही! जायफळ घातलेली कॉफी उद्या आमच्या माणसांपुढे यायची नाही," असं म्हणत अच्युतमामांनी ओट्यावरचं पातेलं बाजूला सारलं आणि तिथे स्वतः आणलेलं कॉफीचं यंत्र मांडलं. ते नवऱ्यामुलाचे मामा, त्यात निवृत्त प्राचार्य. त्यांचा शब्द खाली पाडायची त्यांच्या घरात कुणाची छाती नव्हती.

सगुणाबाईंनी पातेलं उचलून पुन्हा जागेवर ठेवलं. नातीचा साखरपुडा आपल्या घरात, तर कॉफीही आपल्याच हातची. आज आपण ओटा सोडला, तर उद्या मृदुलाला सासरी शब्दाशब्दाला माघार घ्यावी लागेल, हे त्या पुरतं ओळखून होत्या.

"घरी उत्तम कॉफी कशी करायची, याचं शास्त्र असतं, आजीबाई," मामा म्हणाले. "कॉफी झोप उडवते, जायफळ झोप आणतं. असे दोन उलट्या गुणांचे जिन्नस एका भांड्यात घालणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा! त्यांचं जमायचं नाही."

"कधीच नाही?"

"त्रिकालात नाही!"

मृदुलाच्या आईने घाबरून सासूबाईंचा पदर ओढला. सगुणाबाईंनी तो सोडवून कमरेला खोचला आणि बाहेर झोपाळ्यावर डुलक्या घेणाऱ्या नवऱ्यामुलाकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या,

"मामासाहेब, तुमचा भाचा बसल्या जागी पेंगतो आणि माझी नात दिवस उजाडायच्या आत सगळी आळी जागी करते, तेव्हा तुमचं शास्त्र खरं असेल, तर जायफळाचं राहू द्या, आधी उद्याचा साखरपुडा मोडा!"