गाळलेलं पान

हे कुणाला सांगायचं नाही, असं उत्पलानं मला बजावलं होतं. दोन वर्षं मी विहाराबाहेर कुणाला सांगितलं नाही.

"मग झेलमचं काय झालं?" भंतेजींनी विचारलं.

"पळाली," उत्पला म्हणाली.

पुस्तकात ती पळाली नव्हती. मी उत्पलाला खेटून बसले होते. पान मला दिसत होतं…

त्या वर्षी भंतेजी पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने आमच्या वस्तीतल्या विहारात राहिले होते. डोळ्यांत मोतीबिंदू. दुपारी वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. उत्पला दहावीत होती, वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आलेली. मी आठवीत. भंतेजींजवळ एकट्या मुलीनं बसायचं नाही, म्हणून मला सोबतीला पाठवायचे. माझं काम गप्प बसण्याचं. ते मला चांगलं जमायचं.

आता उत्पला नागपूरला शिकते. विहारातल्या अभ्यासिकेच्या कपाटात, स्पर्धा परीक्षांच्या जाड पुस्तकांमागे, ती कादंबरी अजून आहे. कधी दुपारी मी तिथे जाऊन बसते. पायांवर चटईचे वळ उमटतात आणि उत्पलाचा आवाज आठवतो.

पहिल्या दिवशी तिनं धम्माचं पुस्तक उघडलं होतं.

"हे मला पाठ आहे," भंतेजी म्हणाले. "तू स्वतः काय वाचतेस, ते आण."

तिनं आणलेली कादंबरी दोन भागांची होती. पुढच्या काळातलं एक शहर, तिथे जुने फोटो ठेवायला बंदी. सोळा वर्षांची इरा लोकांचे फोटो लपवून ठेवते. पहिल्या भागात इरा कधीच चुकत नाही. उत्पलानं तिच्यासारखी एकच वेणी घालायला सुरुवात केली.

दुसऱ्या भागात इरा पकडली जाते. पहारेकरी दरडावतात. इरा घाबरते आणि झेलमचं नाव सांगून टाकते; इरा सुटते, झेलम पकडली जाते. झेलम तिची सगळ्यात जवळची मैत्रीण.

तेच पान उत्पलानं गाळलं होतं.

"कुणाला बोललीस तर बघ," घरी जाताना ती म्हणाली. "इरा अशी नाहीच. लिहिणाऱ्यानं उगाच बिघडवली तिला."

दुसऱ्या दिवसापासून पंचाईत सुरू झाली. पुस्तकात झेलम कैदेत होती. तिचं नाव आलं की उत्पला परिच्छेदच ओलांडायची.

"झेलम पळून गेली कुठे?" भंतेजींनी विचारलं.

"मामाकडे."

"या शहरात तिचा मामा आहे?"

"लांबचा आहे, भंतेजी."

मला हसू आवरेना. उत्पलानं कोपर मारलं.

आणखी दोन दिवसांनी…

"इरा जेवत का नाही?"

"भूक नसेल."

"चार दिवस?"

उत्पलानं पान उलटलं.

"आणि शहरातून सुटली होती ना? मग परत भिंत चढून आत कशाला चालली?"

"अशीच… फिरायला."

"असं," भंतेजी म्हणाले.

जिल्ह्यात पहिली आलेली उत्पला वाचताना अडखळू लागली. शेवटची तीस पानं उरली होती. त्यांत इरा जिवावर उदार होऊन झेलमला सोडवायला जाते. सगळ्या पुस्तकात चांगला भाग तोच. पण मामाकडे राहणाऱ्या मुलीला कैदेतून सोडवायचं कसं?

मग आश्विन पौर्णिमा आली. वर्षावास संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी भंतेजी जाणार होते.

पायऱ्यांवर उत्पला थांबली.

"आज नाही वाचलं तर ते अर्धीच इरा घेऊन जातील गं."

"मग सांगून टाक ना."

"सांगितलं तर त्यांना ती आवडायची नाही." मग हळूच म्हणाली, "मीसुद्धा…"

आत गेल्यावर भंतेजींनी पुस्तक उघडायला सांगितलं नाही. ते खुर्चीवरून उठले आणि खाली, आमच्यासमोर चटईवर बसले. असं कधी झालं नव्हतं. उत्पला घाईनं मागे सरकली.

"आज आम्ही भिक्खू एकमेकांना विचारतो," ते म्हणाले. "या तीन महिन्यांत माझं काही चुकलेलं दिसलं असेल, ऐकलं असेल, तर सांगा. इथे दुसरा भिक्खू नाही. म्हणून तुम्हाला विचारतो."

"तुमचं काय चुकणार, भंतेजी?" उत्पला म्हणाली.

"सांगा."

बाहेर कुणीतरी सायकल उभी केली. स्टँडचा आवाज आला.

"तुम्हाला माहीत होतं."

हे मी बोलले होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"झेलम पळाली नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही हिला रोज विचारत राहिलात."

उत्पलानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते.

"हो," भंतेजी म्हणाले. "मामा आला त्या दिवसापासून माहीत होतं. पुढे काय सांगतेस याची मला गंमत वाटायला लागली. तू अडकत गेलीस आणि मी ऐकत बसलो. हे माझं चुकलं, उत्पला."

उत्पलाचा चेहरा लाल झाला. मग डोळे भरले.

"इरानं तिचं नाव सांगितलं, भंतेजी. मी ते पान गाळलं. इतके दिवस तुम्हाला इरा आवडत होती… आता नाही आवडणार."

भंतेजींनी हात पुढे केला. पुस्तक घेतलं, बोटांनी चाचपून वाचलेली पानं मागे उलटली आणि तसंच उघडं तिच्या मांडीवर ठेवलं.

"इरा मला अजून भेटलीच कुठे?"