अढळरावांची तिसरी कुदळ

माणिकपेठेचा दरबार सकाळी भरायचा, तो दुपारी भरू लागला. सरदार घरून वेळेवर निघत. पोचत मात्र नसत. वेशीपासून राजवाड्यापर्यंत एकच मोठा रस्ता, आणि त्यावर पालख्याच पालख्या! प्रत्येक पालखीत माणूस एक. त्याला उचलायला भोई आठ, शिवाय पुढे चोपदार, मागे छत्रीवाला आणि बाजूला पानाचा डबा धरणारा. दोन पालख्या समोरासमोर आल्या की कमी मानाच्या सरदाराने थांबायचं. दोघांचा मान सारखाच निघाला, तर भाटांनी दोन्ही घराण्यांच्या वंशावळी म्हणायच्या. तोवर मागच्या पालख्यांतले सरदार घोरू लागत.

महाराज अढळराव रिकाम्या दरबारात बसून कंटाळले. यापूर्वी त्यांनी रस्ता दोनदा रुंद केला होता. पहिल्या खेपेला सरदारांनी पालख्या रुंद करून घेतल्या. दुसऱ्या खेपेला सरदारांच्या मेव्हण्यांनीही पालख्या घेतल्या. तेव्हा महाराजांनी तिसऱ्या खेपेला तोच उपाय करायचं ठरवलं. एकदा मनात घेतलं की ते ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नसत.

"बुरूडआळी पाडा!" त्यांनी दिवाण त्रिंबकपंतांना फर्मावलं.

बुरूडआळी रस्त्याला लागूनच होती. सुपं, टोपल्या तिथेच विणायच्या आणि दारातच विकायच्या. दवंडी ऐकली आणि आळीत त्या दिवशी चूल पेटली नाही. दौलू बुरुडाची लेक ठमी तेवढी उठली, हातातला कोयता खाली ठेवला आणि थेट दरबारात गेली. महाराज आणि दिवाण सोडून दरबारात कोणी पोचलंच नव्हतं, त्यामुळे तिला कोणी अडवलं नाही.

"महाराज, आम्ही जायचं कुठे?"

"वेशीबाहेर, दोन कोसांवर! माळ मोकळा आहे. पाय पसरून राहा!"

"मोकळा आहे खरा. पण गिऱ्हाईक इथे, आम्ही तिथे. टोपल्या काय कोल्ह्यांना विकू?"

त्रिंबकपंत खोकले. महाराज लालबुंद झाले.

"जीभ फार चालते तुझी! मग तूच कर रस्ता रुंद! एकही भिंत न पाडता! सोमवारी सकाळी माझा दरबार भरलेला दिसला पाहिजे. नाही दिसला, तर संध्याकाळी आळी जमीनदोस्त!"

"करते की. पण रस्त्याचं काम म्हटलं की पहिली कुदळ महाराजांच्या हातची लागते."

"मारतो! कुठे मारू?"

"आमच्या आळीच्या तोंडाशी. काम तिथलंच ना?"

"दिला शब्द!"

त्रिंबकपंतांना मात्र कुदळीची रीत ठाऊक होती. धरणीमातेवर घाव घालायचा, तर राजाने तिची क्षमा मागत अनवाणी चालत जायचं. आणि राजा पायी असताना रस्त्यावर रिकामी पालखीसुद्धा दिसता कामा नये! मागच्या दोन्ही वेळी कुदळ राजवाड्याच्या दारातच मारली होती. महाराज चार पावलं चालले आणि परत आले. कोणाला काही कळलंही नाही. या वेळी थेट आळीपर्यंत चालायचं होतं. पण शब्द देऊन झाला होता.

सोमवार उजाडला. पालख्या वाड्यांत राहिल्या, सरदार कुदळीच्या समारंभासाठी रस्त्यावर आले. कुरकुरत का होईना, चालू लागले. पायी चालणारे दोघे समोरासमोर आले की अंग चोरून पुढे जात. वंशावळ म्हणावी लागत नव्हती. महाराज खांद्यावर कुदळ घेऊन बुरूडआळीच्या तोंडाशी पोचले, तेव्हा सगळे सरदार हजर! नुकतंच कुठे कोवळं ऊन पडलं होतं.

"जिथे महाराज, तिथे दरबार," ठमी म्हणाली. "भरला का सकाळी?"

"ते राहू दे! रस्ता रुंद कुठे झालाय?" महाराजांनी कुदळ उगारली. "बोल, कुठे मारू?"

"जिथे अरुंद वाटेल तिथे मारा, महाराज."

महाराजांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. रस्ता वेशीपर्यंत मोकळा पडला होता. मधोमध एक कुत्रं चारी पाय ताणून झोपलं होतं. महाराज कुदळ उगारून तसेच उभे राहिले. हात भरून आला, पण जागा सापडेना.

सरदार ढवळे धापा टाकत पुढे आले. "म्हणजे आता रोज चालायचं? माझं पोट बघा!"

"रोज नको, सरदार. एक लांबलचक बैलगाडा करा. दोन्ही बाजूंना बाक टाका, वर छप्पर आम्ही विणून देतो. वेशीवरून निघेल आणि वाटेत जो हात करील त्याला घेईल."

"सगळ्यांना एकाच गाड्यात? आणि पुढे कोण बसणार?"

"पुढे बैल असतात, सरदार."

महाराजांच्या मिशीचं टोक हललं. "पोरी, आळी वाचली तुझी! आता माग, काय हवं ते!"

"जिना."

"काय?"

"जिना, महाराज. माझा भाऊ लग्नाचा झालाय. घरावर मजला चढवला तर इथेच राहील. नाहीतर त्याच्या नशिबी तुमचा माळ आहेच. आळीत घरोघरी हीच गत. सगळ्यांनाच जिना द्या."

"अशक्य!" त्रिंबकपंत ओरडले. "माणिकपेठेत मजल्याला पिढ्यान्‌पिढ्या बंदी आहे! वरच्या खिडकीतून पाहिलं तर महाराज लहान दिसतील!"

"दिसतील, पंत," ठमी म्हणाली. "पण दोन कोसांवरून ते दिसतच नाहीत!"

महाराज जे हसत सुटले, ते थांबेचनात! हसता हसता कुदळ हातातून निसटली आणि रस्त्यात रुतली. तिसऱ्या खेपेचं खोदकाम ते एवढंच.

जिने मंजूर झाले. ठमीला महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं दिलं, आणि जिन्यांसाठी सागाच्या फळ्याही राजवाड्यातूनच धाडल्या. त्या जेवणवेळेच्या आत आळीत पोचल्या. रस्ता मोकळाच होता.