भिंतीकडे तोंड

डोंगरापलीकडच्या एका गावात घंटा ओतणारा कारखाना होता. तिथली रीत अशी, की धातूचा रस साच्यात ओतायची वेळ झाली की सगळ्या कामगारांनी भिंतीकडे तोंड करायचं. ओतायचं आणि पाहायचं फक्त मालकांनी. विद्या चोरीला जाऊ नये म्हणून त्यांच्या आजोबांनी हे सुरू केलं होतं.

साचे लिंपणाऱ्या येसूला या रितीचा भारी राग. भिंतीपाशी कुणी जांभया देई, कुणी जेवणाचा विचार करी. राजाच्या देवळासाठी ओतलेल्या दोन घंटा तडकल्या, तरी कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. तिसरी तडकली तर कारखान्याला कुलूप, असा निरोप आला. सगळ्यांना पाहू द्या, असं येसूने मालकांना सुचवलं, तर थोरली माणसं तिच्यावरच डाफरली.

तिसरी घंटा ओतायच्या दिवशी येसूने पाठ फिरवलीच नाही. मालकांचं लक्ष रसावर होतं. साच्याच्या बुडातून मात्र वाफेची बारीक रेघ निघत होती.

“मालक, ओतू नका. साचा ओला आहे.”

“तोंड फिरव आधी.”

“फिरवते. मग तडकल्याचा आवाज तेवढा ऐकू.”

भाता ओढणारे तात्या भिंतीकडे बघतच पुटपुटले, “ओलाच आहे. पहाटे हात लावला तेव्हाच कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“पंचवीस वर्षं झाली मालक. घंटा तुमची, भिंत आमची.”

मालकांनी साच्याच्या बुडाला हात लावून पाहिला. मग त्यांनी रस परत भट्टीत टाकायला लावला आणि हलकेच म्हणाले, “वळा सगळे.”

दोन दिवस साच्याभोवती शेणी धुमसत राहिल्या. न सांगता माणसं पाळीपाळीने राखणीला बसली. मग रस ओतला. उगवत्या सूर्याचा तुकडा वितळून वाहावा तशी ती धार, आणि तिच्या उजेडात उजळलेले सगळ्यांचे चेहरे. तात्या दोन पावलं पुढे सरकले. आपण आयुष्यभर हे घडवत होतो, हे त्यांना आज दिसलं.

घंटा देवळात चढली. पहिला टोल पडला आणि नाद दरी ओलांडून गेला, डोंगराला भिडून परत आला. कारखान्याच्या अंगणात सगळे हात जोडून उभे राहिले, तो पार विरेपर्यंत.

तात्पर्य एवढंच: ज्या कामाकडे माणसाला पाहूही दिलं जात नाही, त्यात त्याचा जीव गुंतत नाही.