बिनपायांच्या मोराची कुंची

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. पण माणसाला लाज तेव्हाही अशीच वाटायची, एवढं नक्की.

एका राजधानीत एक शिंपीण राहायची. बाजाराच्या टोकाला तिचं इवलंसं दुकान. दारोदार फिरून ती जुनी लुगडी, धोतरं, उपरणी मागून आणायची. विरलेला भाग कापून टाकायची, धड भाग जोडायची आणि त्यातून परकर, बंड्या, झबली अशी काही शिवायची, की बघणारा बघतच राही.

एकदा कोष्ट्यांच्या आळीतल्या एका म्हातारीनं तिला हिरवं रेशमी लुगडं दिलं. "माझ्या लेकीचं आहे गं. ती गेली. पेटीत ठेवून काय करू? एखाद्या लेकराच्या अंगावर जाऊ दे."

शिंपिणीनं त्याची कुंची शिवली, बाळाला डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारी, आणि दुकानाच्या दाराशी टांगली. त्याच दिवशी राणीची पालखी तिथून चालली होती. कुंची बघून राणी थांबली.

"किती सुरेख! कुठलं गं कापड हे?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण भोवती भरजरी शालू नेसलेल्या मानकरणी उभ्या. मागून आणलेलं जुनेर, हे शब्द शिंपिणीच्या ओठांवर येईनात. "सातासमुद्रापलीकडचं आहे, राणीसाहेब. कोरं करकरीत!" ती म्हणाली. झालं, कुंची राजवाड्यात गेली.

राजकन्येच्या बारशाला सारं नगर लोटलं. शिंपिणीला तर मानाचं पान. इतक्यात गर्दीतून ती म्हातारी पुढे आली आणि कुंची बघताच तिचे डोळे भरून आले.

"अगंबाई! हे तर माझ्या लेकीचं लुगडं! काठावरचे मोर मीच विणलेत. लेक आता सासरी जाणार म्हणून विणताना रडू यायचं, त्यात या एका मोराचे पाय राहून गेले. बघा ना!"

दरबारात कुजबुज सुरू झाली. राजकन्येच्या अंगावर कुणाचं जुनेर? राणीनं शिंपिणीकडे पाहिलं. "ही म्हणते ते खरं?"

शिंपिणीनं भोवतालच्या मानकरणींकडे पाहिलं. "नाही, राणीसाहेब. मी हिला ओळखतही नाही. समुद्रापलीकडे मोर बिनपायांचेच विणतात."

लोक हसले. म्हातारी हसली नाही. तिनं शिंपिणीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "चुकलं माझं. म्हातारीचे डोळे, नीट दिसत नाही."

राजकन्येच्या वस्तूवर खोटा हक्क सांगणाऱ्याला त्या नगरात थारा नव्हता. शिपायांनी म्हातारीला वेशीबाहेर काढलं.

शिंपीण पानावर बसली, पण घास उतरेना. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिनं लेकीची आठवण हवाली केली, तिनंच आज आपली अब्रूही झाकली, आणि आपण तिला साधी ओळख दिली नाही! भरल्या ताटावरून ती उठली आणि सगळ्यांसमोर राणीच्या पायांशी जाऊन बसली.

"कापड जुनंच आहे. म्हातारी खरी, मी खोटी."

राणीनं बाळाची कुंची नीट सारखी केली आणि म्हणाली, "जुन्याची लाज मला कुठे होती? माझ्या बाळाचं पहिलं झबलं माझ्या आजीच्या लुगड्याचंच आहे. नव्या बाळाला जुनं मऊच घालतात, हे तुला शिंपिणीला मी सांगायचं? जा, तिला मानानं घेऊन ये."

म्हातारी वेशीबाहेर एका दगडावर बसली होती.

"परत चला, आजी. मी सगळं खरं सांगितलं."

"सांगितलंस?" म्हातारी काळजीनं म्हणाली. "मग आता तुझ्या दुकानाचं कसं होणार गं?"

शिंपिणीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

म्हातारी परत आली, राजकन्या तिच्या मांडीवर खेळली. दुकानही चाललं, पहिल्यापेक्षा जास्तच. पण म्हातारी रस्त्यानं जाताना प्रेमानं हाक मारायची, तेव्हा शिंपिणीला वर बघून ओ देणं कधीच जमलं नाही.

तात्पर्य: ज्याच्या देण्यावर आपण उभे राहिलो, त्याची ओळख चारचौघांत नाकारली, तर त्यानं माफ केलं तरी आपल्याला स्वतःला माफ करता येत नाही.