मोड आलेला साकव

एक होती नदी. राजाही होता, पण तो नंतर येईल. राजे नेहमी उशिराच येतात. शमे, सारखी पलंगाखाली काय वाकून बघतेस? वर ये. टिल्लू, तिला थोडं पांघरूण दे. सगळं एकट्यानं गुंडाळून घेऊ नकोस.

तर राजा होता अखंडराय. त्याला मोडकं काही म्हणजे काही खपायचं नाही. कपाचा कान निखळला, टाक नदीत. खुर्चीचा पाय हलला, टाक नदीत. कुठं मोडलं, कसं मोडलं, बघायचंसुद्धा नाही. आणि कायदा काय, तर ज्या हातानं मोडलं, तो हात पुन्हा त्या कामाला लावायचा नाही. वर निळं फडकं बांधायचं.

मग काय झालं? ज्याच्या हातून भाकरी मोडली, तो स्वयंपाकातून गेला. ज्याची नाव मोडली, तो नावाडी दरबारात गाऊ लागला. आणि गायचा कसा म्हणता? वल्हं मारल्यासारखा! राजाचे केस कापायला शेवटी एक लोहार तेवढा उरला होता. हसू नका, मी तो लोहार पाहिलाय. खोटं असेल तर उद्याच्या लाडवातला माझा बेदाणा टिल्लूचा.

‘मोड’ हा शब्दसुद्धा त्या राज्यात बंद होता, बरं का. बाजारात मोड आलेली मटकी विकायला यायची, तिला लोक म्हणायचे, “शेपटीवाली मटकी द्या हो पावशेर.”

त्या राज्यात राहायची साळू. सुताराची लेक. एक दिवस तिची आई नदीपलीकडच्या बाजाराला गेली, आणि इकडे नदीनं साकव खाल्ला. साकव म्हणजे लाकडाचा छोटा पूल. आई तिकडे, साळू इकडे. नावाडी तर गात बसलेला. मग रोज संध्याकाळी आई पलीकडच्या काठावर यायची आणि हाक मारायची. आवाज असा, की बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहायच्या.

“साळूऽऽ! जेवलीस का गंऽऽ?”

“जेवलेऽऽ!” साळू ओरडायची. खोटं हो. आईशिवाय तिला घास जात नव्हता.

राज्यातल्या साऱ्या सुतारांच्या हातांना निळी फडकी. मग साळूच म्हणाली, “मी बांधते साकव.”

तिनं उत्तमातलं उत्तम सागवान आणलं. वाळलेलं, टणक. उजव्या हातानं करवत चालवली, खुंट ठोकले, फळ्या बसवल्या. साकव असा ताठ उभा राहिला की जणू राजाचा शिपाई. नदी आली, खांदा लावला. कडाड्! मोडला.

शिपायांनी तुकडे नदीत फेकले. साळूच्या उजव्या हाताला निळं फडकं बांधलं.

“आता गं?” शेजारच्या बायका म्हणाल्या.

“डावा आहे की,” साळू म्हणाली. “कायद्यात ‘ज्या हातानं’ म्हटलंय.”

आहे की नाही गुणाची!

पण डाव्या हाताला जोर कुठला? सागवान काही कापलं जाईना. मग तिनं वडाच्या ओल्या फांद्या तोडल्या. लोक म्हणाले, “अगं, सुताराची लेक ना तू? ओलं लाकूड कुणी वापरतं का?” इकडून तिनं, पलीकडून आईनं पाण्यात वडाचे खुंट रोवले, वर साळूनं फांद्या बांधल्या. गाठी वाकड्या, साकव वाकडा. पलीकडून आई बघत होती. साळूनं पाय ठेवला, चार पावलं गेली, आणि नदी आली. गाठी सुटल्या, फांद्या निघाल्या, साळू धपकन पाण्यात.

डावा हातही बांधला. दोन्ही मुठी फडक्यात, म्हणून आता साळू ताटात तोंड घालून वासरासारखी खायची. निम्मं नाकालाच लागायचं. एका संध्याकाळी हाक आली, “जेवलीस का गंऽऽ?” आणि त्या दिवशी साळूला ‘जेवले’ म्हणताच येईना. पाण्यात पाय सोडून ती रडत बसली.

मग नदी म्हणाली, “का गं रडतेस?”

हो, बोलली नदी! एवढ्या कप-बश्या, खुर्च्या, गाड्या पोटात घेतल्यावर कुणीही बोलेल.

“मोडलं गं सगळं,” साळू म्हणाली.

“ते दिसतंय,” नदी म्हणाली. “सगळे मला मोडकं आणून देतात आणि तोंड फिरवून जातात. कुठं मोडलं, ते एकानं विचारलं नाही आजवर.”

साळूनं नाक पुसलं. कशानं पुसणार, गुडघ्यानं! आणि म्हणाली, “कुठं मोडलं?”

नदीला इतका आनंद झाला की तिच्या पोटातल्या बश्या खळखळल्या. “पहिला मधोमध मोडला,” ती म्हणाली. “मी जरा खांदा लावला, तर त्याला वाकताच येईना. दुसरा वाकला बाई छान. पण वरच्या गाठी कच्च्या. खुंट मात्र अजून धरून उभे आहेत. ऊठ, बघ तरी.”

साळू कमरेएवढ्या पाण्यात उतरली. वडाचे खुंट उभेच होते, पण टोकं मोडलेली. आणि जिथं मोडलं होतं, अगदी तिथं, लालसर, इवले इवले, शमीच्या करंगळीच्या नखाएवढे…

“मोड!” साळू किंचाळली. “मोड आलेऽऽ!”

झालं. बंद केलेला शब्द! शिपाई धावले. पाठोपाठ अखंडराय आला. बघा, म्हटलं नव्हतं, उशिरा येईल म्हणून?

“काय म्हणालीस?” राजा ओठ न उघडताच बोलला. त्याला कुणी कधी तोंड उघडून हसताना पाहिलं नव्हतं.

“मोडलं तिथंच मोड आले, महाराज.”

“मोडकं आहे ना? टाका नदीत!”

“महाराज,” साळू म्हणाली, “ते नदीतच आहेत. आता आणखी कुठं टाकणार?”

शिपाई एकमेकांकडे बघू लागले. राजानं विचार केला. “पण तुझे हात…”

“बांधलेलेच आहेत. मी पायांनी करते.”

मग साळूनं पायांनी चिखल ओढला, खुंटांच्या बुडाशी दाबला. कोवळ्या फांद्या पायाच्या बोटांनी एकमेकींत अडकवल्या. पलीकडे ओरडली, “आईऽऽ! तुझ्याकडच्या खुंटांना मोड आलेत का गंऽऽ?”

“आलेत गंऽऽ!” आई ओरडली. “जेवलीस काऽऽ?”

आई त्या बाजूनं राबू लागली. फांद्या वाढल्या, पारंब्या सुटल्या. गोष्टीतला वड, त्याला मेली घाईच फार. दोन्हीकडच्या फांद्या नदीच्या मधोमध आल्या आणि एकमेकींना अशा धरून राहिल्या, जशी शमी झोपेत माझा पदर धरते तशी.

मग आला पूर. अख्खा गाव काठावर. नदीनं खांदा लावला. साकव वाकला. नदीनं दुसरा खांदा लावला. साकव आणखी वाकला. तेवढ्यात कडाड्! सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं, सांगा?

“मोडलं!” राजा ओरडला. स्वतः राजा!

“कुठं?” साळूनं विचारलं.

बघतात तो एक पारंबी मोडली होती. एकच. बाकीच्यांनी भार वाटून घेतला होता. पूर गेला, साकव हळूच सरळ झाला.

आणि राजा हसला, तोंड उघडून. पुढचा दात अर्धा मोडलेला! लहानपणी बोर समजून खडा चावला होता त्यानं. दात काही नदीत टाकता येत नाही, म्हणून बिचारा इतकी वर्षं ओठ मिटून बसला होता.

पण साळू राजाकडे बघतच नव्हती. साकवावरून आई येत होती. पदराखाली डबा. आली, साळूसमोर बसली, तिचे बांधलेले हात मांडीवर घेतले.

“रोज जेवले म्हणायचीस,” आई म्हणाली. “हे असे हात. जेवत कशानं होतीस गं, लबाडे?”

आईनं डबा उघडला. मोड आलेल्या मटकीची उसळ होती, भात होता. आधी एक घास भरवला. मग निळी फडकी सोडली. राजा बघत उभा होता, पण कायद्याचं नावसुद्धा काढेना. “मला पण थोडी मोडाची उसळ,” एवढंच म्हणाला.

मग नावाडी नावेवर गेला, आणि गावाचे कान सुटले. कुणाचं काही मोडलं, की लोक आधी विचारायचे, “कुठं?” सगळे पोटभर जेवले आणि आपापल्या आईजवळ झोपले.

टिल्लू तर केव्हाच घोरायला लागला. शमे, तू जागी आहेस ना? मग ते पलंगाखालचं माझं धान्य मोजायचं लाकडी मापटं काढ बाहेर. मला दुपारीच कळलं होतं. नाही गं, रागावत नाही. डोळे पूस. आण इकडे, दिव्याजवळ.

बघू, कुठं मोडलंय?