कपाटाची दुसरी किल्ली

कॅन्सर वॉर्डाच्या सिस्टर रिबेका साळवे यांना नियमांचा नव्हे, नियम शिकवायला येणाऱ्यांचा वीट आला होता. मॉर्फिनच्या कपाटाला दोन कुलपं, एक किल्ली सिस्टरकडे, दुसरी डॉक्टरांकडे, आणि कुठलीही किल्ली वॉर्डाबाहेर न्यायची नाही, हे परिपत्रक त्यांना तोंडपाठ होतं. ते काढणारे वैद्यकीय मंडळाचे दिघावकर साहेब त्या दिवशी तपासणीला आले. मोजणीत गोळ्या बरोबर भरल्या, तरी साहेबांचा संशय फिटेना.

"पेशंट कण्हला की तुम्ही लोक विरघळता," म्हणत त्यांनी डॉक्टरांची किल्ली मागून घेतली आणि खिशात टाकली. "यापुढे ही जिल्ह्याला, माझ्याकडे. कपाट उघडायचं तर आधी मला फोन."

"फोनने कुलूप उघडतं का, साहेब? दोन वाजता शेवंताबाईंचा डोस आहे. हाडापर्यंत गेलाय त्यांचा कॅन्सर."

"बघू," म्हणून साहेब जीपकडे निघाले.

सिस्टरांनी वॉर्डाच्या दारातच स्टूल टाकलं आणि ठाण मांडून बसल्या.

"हे काय? वाट सोडा!"

"सोडली असती हो. पण किल्ली वॉर्डाबाहेर न्यायची नाही, असं तुम्हीच लिहिलंय. ती तुमच्या खिशात आहे, म्हणजे आता तुम्हालाही बाहेर जाता येणार नाही. शेवंताबाईंच्या शेजारची खाट रिकामी आहे, चादर बदलून देते. डोससाठी दर चार तासांनी उठवीन."

शेवंताबाई दात आवळून कण्हत होत्या. साहेबांनी एकवार तिकडे पाहिलं आणि किल्ली डॉक्टरांच्या हातावर ठेवली.

सिस्टरांनी स्टूल बाजूला घेतलं. दोनला पाच मिनिटं कमी होती.